वेसकरावरचा आळ

(भीमजयंतीनिमित्त क्लेमेंटी, सिंगापूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



जयंतीच्या व्यासपीठावरून कर्करोगावर बोलावे काय, असा प्रश्न मंडळाच्या बैठकीत निघाला होता. आनंदाच्या दिवशी आजाराचे नाव कशाला, असे एका ज्येष्ठ बंधूंनी विचारले, आणि त्यांचे म्हणणे अगदीच गैर होते असे नाही. तरीही मी हा विषय मागून घेतला. गेल्या वर्षावासातील एका रविवारी वंदना आटोपल्यावर एक भगिनी मला बाजूला घेऊन गेल्या. त्यांच्या मुलीसाठी नाशिक जिल्ह्यातील एका चांगल्या घरचे स्थळ आले होते. मुलगा शिकलेला, कुटुंब चळवळीतले. बोलणी बरीच पुढे गेली आणि मग कळले की मुलाचे आजोबा कर्करोगाने वारले. त्या मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही त्यातलेच काम करता. कॅन्सर रक्तातच असतो ना? मग नाही कळवून टाकू का?"

"रक्तातच असते" हे दोन शब्द मला टोचले. आपल्या आजा-पणज्यांविषयी पिढ्यान्‌पिढ्या हेच दोन शब्द वापरले गेले, आणि त्यांच्या आधारावर त्यांना पाणवठा, देऊळ, शाळा बंद झाली. ज्यांनी ते शब्द सोसले, त्यांच्याच नातींच्या तोंडी ते आता दुसऱ्या कुणाविषयी येत होते. उत्तर मला ठाऊक होते. परंतु वंदनेनंतरच्या चहाच्या वेळात ते बसणारे नव्हते. म्हणून आज.

आपण ज्या क्लेमेंटीत बसलो आहोत, तेथून पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीत बसले की पहिले स्थानक डोव्हर, दुसरे बुओना व्हिस्टा. तेथे उतरून थोडे चालले की बायोपोलिस नावाचा काचेच्या इमारतींचा समूह लागतो. आपल्यापैकी कित्येक जण रोज त्या बाजूने जातात. सर डेव्हिड लेन नावाचे ब्रिटिश शास्त्रज्ञ २००४ मध्ये सिंगापूरला आले आणि तेथील रेणू व पेशी जीवशास्त्र संस्थेचे प्रमुख झाले. पुढे ते ए-स्टार या सरकारी संशोधन संस्थेचे मुख्य शास्त्रज्ञही झाले. त्यांनी सारे आयुष्य एका प्रथिनाला वाहिले. त्या प्रथिनाचे नाव पी-५३, आणि ते ज्या जनुकावरून तयार होते त्याचे नाव टीपी-५३. भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर या जनुकाच्या कथेत आहे.

ही कथा एका खोट्या आळाची आहे, म्हणून ती आपल्याला चटकन समजेल असे मला वाटते.

१९७९ साल. वानरांमध्ये आढळणारा एसव्ही-४० नावाचा एक विषाणू प्रयोगशाळेतील प्राण्यांत गाठी निर्माण करतो, हे तोपर्यंत माहीत झाले होते. त्या विषाणूचे एक प्रथिन पेशीत शिरून नेमके काय करते, याचा शोध चालू होता. लंडनमध्ये लेन आणि लायोनेल क्रॉफर्ड, अमेरिकेत प्रिन्स्टन येथे डॅनियल लिंझर आणि आर्नोल्ड लेव्हाइन, आणि आणखीही काही गट या कामात होते. त्या सर्वांना एकच गोष्ट दिसली. विषाणूचे प्रथिन पेशीतून उपसून काढले की त्याला बिलगून आणखी एक प्रथिन बाहेर येते, आणि ते विषाणूचे नसून पेशीचे स्वतःचे आहे. वजन मोजण्याच्या पद्धतीत ते त्रेपन्न हजारांच्या रेघेवर आले, म्हणून त्याला पी-५३ म्हटले. (त्याचे खरे वजन चव्वेचाळीस हजारांहूनही किंचित कमी आहे. रचनेतील एका विशिष्ट भागामुळे ते मोजणीच्या वेळी सावकाश सरकते आणि जड भासते. म्हणजे बिचाऱ्याच्या नावापासूनच चूक सुरू झाली. ती पुढे कुणी दुरुस्त केली नाही.)

गाठींच्या पेशींत हे प्रथिन भरपूर सापडू लागले. निरोगी पेशीत मात्र ते जवळजवळ दिसेना. मग निष्कर्ष सोपा होता: जिथे जिथे चोरी, तिथे तिथे हा हजर. म्हणजे चोर हाच. १९८४ च्या सुमारास काही प्रयोगशाळांनी त्याचे जनुक वेगळे काढून दुसऱ्या एका कर्करोगकारक जनुकासोबत पेशींत घातले, तेव्हा पेशी बिघडल्या. आळ पक्का झाला. जवळजवळ दहा वर्षे पी-५३ ची गणना कर्करोग घडवून आणणाऱ्यांत होत राहिली.

येथे मला एक जुना शब्द वापरावासा वाटतो. येथे जन्मलेल्या मुलांनी तो ऐकला नसेल. वेसकर. गावाच्या वेशीवर रात्रंदिवस पाळत ठेवणारा, आल्यागेल्याची खबर चावडीवर देणारा, चोराचा माग काढणारा तो वेसकर. ते काम महार वतनात होते, म्हणजे आपल्याच पूर्वजांच्या माथी होते. आणि गावात चोरी झाली की पहिला संशय कुणावर? वेशीवर रात्रभर जागणाऱ्यावरच. तो तिथे का होता हे विचारण्याचे कष्ट कुणी घेत नसे.

प्रयोगशाळेतही तेच घडले. शंका प्रथम अशी आली, की निरनिराळ्या प्रयोगशाळांजवळ असलेल्या या जनुकाच्या प्रती एकमेकींशी जुळत नव्हत्या. कुठे एक अक्षर वेगळे, कुठे दुसरेच. लेव्हाइन यांच्या प्रयोगशाळेतील एक प्रत पेशींना बिघडवत नव्हती, आणि पुढे तर ती बिघाड रोखते असे दिसले. १९८९ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे बर्ट व्होगेलस्टाइन आणि त्यांची विद्यार्थिनी सुझान बेकर यांनी मोठ्या आतड्यातील गाठी तपासल्या. जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व एक वडिलांकडून. या गाठींत एक प्रत पुसली गेली होती आणि उरलेली मोडलेली होती. चोर आपले हत्यार मोडून ठेवत नाही. चोर मोडतो तो पहारेकऱ्याला. दहा वर्षे ज्या प्रतींवर प्रयोग केले त्यांतल्या बहुतेक गाठींतून आलेल्या होत्या, म्हणजे जायबंदी झालेल्या पहारेकऱ्याच्याच होत्या. निरोगी पी-५३ गाठ वाढू देत नाही. १९९२ मध्ये लेन यांनी त्याला जनुकसंचाचा रक्षक म्हटले आणि १९९३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाने त्याला वर्षातला सर्वांत महत्त्वाचा रेणू ठरवले. आज आपल्याला माहीत आहे, की माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत हे एकच जनुक मोडलेले असते. इतके दुसरे कुठलेही नाही.

वेसकराची उपमा मी जपून वापरते. वतन वंशपरंपरेने गळ्यात पडत असे, त्यात मोबदला थोडा आणि राबणे चोवीस तासांचे. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणले. ती वतने कायद्याने संपण्यास १९५८ साल उजाडले. पेशीतला हा पहारेकरी मात्र कुणाचा गुलाम नाही. त्याची नेमणूक कशी होते, ते पाहण्यासारखे आहे.

आपल्या पेशींच्या केंद्रकात सतराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर हे जनुक असते. त्यावरून ३९३ अमिनो आम्लांची साखळी तयार होते, तेच पी-५३. निरोगी पेशीत ते सतत तयार होते आणि सतत नष्ट केले जाते. एमडीएम-२ नावाचे दुसरे प्रथिन त्याला धरते, त्याच्यावर 'मोडीत काढा' अशी खूण लावते आणि पेशीतील विघटन यंत्रणेकडे धाडून देते. जन्मल्यापासून काही मिनिटांतच बहुतेक पी-५३ नाहीसे होते. ही उधळपट्टी वाटते, पण तिच्यात शहाणपण आहे. पहारेकरी फार बलवान झाला तर निरोगी पेशीही वाढू शकत नाही. म्हणून तो नेहमी तयार असावा, पण अंगणात उभा नसावा.

मग एखाद्या दिवशी ऊन, धूर, किरणोत्सर्ग किंवा नुसती नक्कल करतानाची चूक यामुळे पेशीच्या डीएनएची दोरी तुटते. तुटल्याची खबर काही प्रथिने घेऊन जातात, ती पी-५३ वर एक रासायनिक खूण करतात आणि एमडीएम-२ ची पकड सुटते. काही तासांत पी-५३ साठत जाते. चार चार रेणू एकत्र येतात आणि जोडीने डीएनएला धरून निरनिराळी जनुके चालू करतात. पहिला हुकूम थांबण्याचा असतो. १९९३ मध्ये सापडलेले पी-२१ नावाचे प्रथिन पेशीचे विभाजन रोखून धरते. तेवढ्या अवधीत दुरुस्ती करणारी यंत्रणा कामाला लागते. दुरुस्ती झाली तर पी-५३ स्वतःच एमडीएम-२ वाढवते, म्हणजे आपल्याला काढून टाकणाऱ्याला आपणच बोलावते, आणि पेशी पुन्हा नेहमीच्या कामाला लागते. दुरुस्ती शक्य नसेल तर पेशीला कायमची विभाजनाबाहेर काढले जाते किंवा तिला शांतपणे मरण्याचा हुकूम मिळतो. ती आपली आवराआवर करते, आपले तुकडे बांधून ठेवते, शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. दाह नाही, गाजावाजा नाही. आपल्या शरीरात हे आत्ता, मी बोलत असतानाही चालू आहे.

कर्करोगाची औषधे घेताना केस गळतात, हे आपल्यापैकी अनेकांनी घरात पाहिले आहे. उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले, की ज्यांच्यात पी-५३ नाही त्यांचे केस अशा औषधाने गळत नाहीत. याचा अर्थ केसांच्या मुळांतला पहारेकरी इमानाने आपले काम करतो आणि औषधाने दुखावलेल्या निरोगी पेशींनाही जाण्याचा हुकूम देतो. रुमाल बांधून कार्यक्रमाला येणाऱ्या भगिनींना मी हे सांगते, तेव्हा त्या हसतात.

हा पहारेकरी मोडतो कसा, येथे माझ्या आजीची गोष्ट येते.

माझी आजी सोलापूर जिल्ह्यातली. १९५६ नंतर आमच्या घरी धम्म आला. आजीने स्वतःच्या हाताने देव्हाऱ्यातले देव बाहेर काढले, ही कथा ती अभिमानाने सांगे. पण मशेरीची डबी काही तिच्या कमरेची सुटली नाही. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची ती पूड ती दिवसातून चार-पाच वेळा दातांना लावी. पहाटे कामाला निघताना भूक मारण्यासाठी, दुपारी दाढ दुखते म्हणून, रात्री झोप यावी म्हणून. गालाच्या आत पांढरा चट्टा उठला, तो तिने वर्षभर कुणाला दाखवला नाही. पुढे एका दवाखान्यात मलम मिळाले. मुंबईला नेले तोवर जबडा उघडत नव्हता. ती गेली तेव्हा दिवसकार्याला जमलेल्या बायका म्हणत होत्या, "काय गं मागल्या जन्मीचं पाप, एवढ्या चांगल्या बाईला असलं दुखणं." आणि त्या साऱ्या बाया बुद्धवंदना म्हणणाऱ्या होत्या.

आता त्या जनुकाकडे पाहा. टीपी-५३ कुठेही मोडू शकते, पण जखमेची जागा आणि पद्धत सांगते की घाव कुणी घातला. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसाच्या कर्करोगात या जनुकातील १५७, २४८, २७३ अशा काही ठराविक जागा वारंवार मोडलेल्या दिसतात. १९९६ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या धुरातील बेन्झोपायरीनपासून बनणारे द्रव्य माणसाच्या पेशींवर टाकले आणि ते कुठे चिकटते ते पाहिले. ते नेमके त्याच जागांवर चिकटले. तंबाखू भाजताना आणि जळताना बेन्झोपायरीन निर्माण होते. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तसेच दमट जागी ठेवलेल्या भुईमुगावर व मक्यावर जी बुरशी येते, तिच्या अफ्लाटॉक्सिन या विषाने होणाऱ्या यकृताच्या कर्करोगात २४९ या एकाच जागी घाव दिसतो. हे १९९१ मध्ये चीन व दक्षिण आफ्रिकेतील रुग्णांत आढळले. बुरशी आलेले धान्य कोण खाते, हे या सभेला सांगायला नको. उन्हाने होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगातील घावाचीही स्वतःची खूण आहे. न्यायालयात ठसे दाखवावेत, तसे हे आहे. मागल्या जन्मीच्या पापाचा ठसा मात्र या जनुकावर आजवर कुठेही सापडलेला नाही.

या विचाराची पायवाट आपल्याच मुलखात फार पूर्वी पडली होती. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये उघडले. तेथील प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी उभ्या केल्या. कोणत्या समाजात कोणत्या अवयवाचा कर्करोग अधिक, याच्या नोंदी त्यांनी घेतल्या आणि त्यामागे माणसांच्या सवयी शोधल्या: कोण पान-तंबाखू तोंडात धरतो, कोण धोतर कमरेला कसून बांधतो. रोगाचे कारण जातीच्या रक्तात शोधण्याचा मोह त्या काळात पुष्कळांना होता. त्यांनी ते माणसाच्या हातात, तोंडात आणि कपड्यात शोधले. त्यांच्याच परंपरेतील डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईत पेशी वाढवण्याची देशातील पहिली प्रयोगशाळा उभी केली. मी रोज सकाळी पेशींच्या बशा उघडते तेव्हा मला त्या आठवतात. २०१३ मध्ये खारघरचे ॲक्ट्रेक आणि पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय संस्था यांनी भारतीय रुग्णांच्या गाल व हिरड्यांच्या कर्करोगातील जनुके वाचून प्रसिद्ध केली. वारंवार मोडलेल्या जनुकांत टीपी-५३ अग्रभागी होते. ती माझ्या आजीचीच गाठ होती, असे मला ते पान वाचताना वाटले.

महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. सिंगापूरने २०१६ पासून गुटखा, खैनी, जर्दा या सर्वांना मनाई केली आहे. तरीही गावाहून येणाऱ्या सामानात कुणाच्या तरी आईसाठी कागदात गुंडाळलेली पुडी येते, हे आपल्याला माहीत आहे. कायद्याचे राहू द्या, त्या आईच्या गालाच्या आत कधी कुणी बॅटरी धरून पाहिले आहे काय?

पहारेकरी नाहीसा करण्याचा आणखी एक मार्ग आहे. जनुक शाबूत ठेवायचे आणि पहारेकरी तयार झाल्याबरोबर पळवून न्यायचा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणारा एचपीव्ही हा विषाणू असेच करतो. त्याचे ई-६ नावाचे प्रथिन पी-५३ ला धरते आणि पेशीच्या विघटन यंत्रणेत ढकलते. हे १९९० मध्ये कळले. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स ही कृष्णवर्णीय स्त्री याच कर्करोगाने वारली. तंबाखूच्या शेतात राबलेली, पाच मुलांची आई. तिला न विचारता घेतलेल्या तिच्या गाठीच्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. 'हेला' म्हणतात त्यांना. तिच्या कुटुंबाला एका कंपनीशी तडजोड करून काही मिळाले ते २०२३ मध्ये. त्या पेशींत टीपी-५३ जनुक धडधाकट आहे. विषाणूची ती प्रथिने बंद पाडली की पी-५३ परत येते आणि पन्नास वर्षे न थांबता वाढलेल्या पेशी थांबतात, असे २००० साली प्रयोगात दिसले. इतकी वर्षे पहारेकरी मेला नव्हता, त्याला येऊ दिले जात नव्हते.

आपल्या मराठवाड्याचाही या प्रकरणात मोठा वाटा आहे. बार्शीला १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. पुढे तेथील रुग्णालय, टाटा स्मारक आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय संस्था यांनी त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या सुमारे चौतीस हजार स्त्रियांच्या गटाला आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी देऊ केली, त्यांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. ज्या सुमारे एकतीस हजारांच्या गटाला तपासणी दिली नाही, त्यांत ६४. जगभरच्या तपासणीच्या धोरणांना त्या शेतमजूर बायांनी आधार दिला. परंतु त्या दुसऱ्या गटाला तपासणीविना का ठेवले, यावर पुढे कडक टीका झाली, आणि ती मला रास्त वाटते. नेहमीची व्यवस्थाच मुळात काही देत नव्हती म्हणून आम्हीही दिले नाही, हे उत्तर आपण फार जुन्या काळापासून ऐकत आलो आहोत.

सिंगापूरमध्ये २०१९ पासून माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षातील मुलींना या विषाणूची लस शाळेतच देऊ केली जाते. तिशीनंतरच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी एचपीव्हीची तपासणी सांगितली आहे. पुण्याच्या सीरम संस्थेनेही या रोगावर लस तयार केली आहे. संमतीचा कागद घरी आला की काही पालक तो "आमच्या मुलीला याची काय गरज" म्हणून परत पाठवतात, असे मी ऐकते. गरज प्रत्येक मुलीला आहे. हा विषाणू चारित्र्याचा दाखला मागत नाही.

आता "रक्तातच" या शब्दाकडे. टीपी-५३ जन्मतःच मोडलेले असू शकते काय? असू शकते. १९६९ मध्ये फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्रॉमेनी यांनी अशी कुटुंबे वर्णिली, ज्यांत लहान मुलांना आणि तरुण आईबापांना निरनिराळे कर्करोग होत होते. १९९० मध्ये त्यामागे हेच जनुक निघाले. अशा कुटुंबात प्रत्येक मुलाला मोडकी प्रत मिळण्याचा संभव निम्मा. पण अशी कुटुंबे विरळा आहेत. माझ्या आजीच्या गालात आणि तुमच्या शेजाऱ्याच्या फुप्फुसात जे जनुक मोडले, ते त्याच जागी, त्याच पेशीत, याच जन्मात मोडले. ते मुलांकडे जात नाही. आणि ज्यांच्याकडे जन्मतःच मोडकी प्रत आली त्यांच्याकडेही ती आईवडिलांकडून किंवा गर्भाच्या उगमाच्या वेळी झालेल्या चुकीतून आली, गत जन्मातून नव्हे. बाबासाहेबांनी आपल्या शेवटच्या ग्रंथात, १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात, हाच प्रश्न घेतला आहे. मूल आपले गुण आईबापांकडून घेते असे विज्ञान सांगत असेल, तर पूर्वजन्मीच्या कर्माचा वारसा मानणारा सिद्धान्त टिकत नाही, आणि तो तथागतांचा म्हणून खपवणे चुकीचे आहे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. डीएनएची रचना उलगडली १९५३ मध्ये, पी-५३ सापडले १९७९ मध्ये. बाबासाहेबांच्या हाती यांतले बहुतेक काही नव्हते. तरी प्रश्न त्यांनी योग्य जागी ठेवला होता. माझ्या आजीच्या दिवसकार्यात तो ग्रंथ कपाटावर होता. कुणी उघडला नाही, एवढेच.

जाता जाता मुलांसाठी एक गोष्ट सांगते, कारण ती बराच वेळ शांत बसली आहेत. हत्तीच्या शरीरात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पेशी, आयुष्यही मोठे. मग त्याला कर्करोग जास्त व्हायला हवा. होतो मात्र कमी. २०१५ मध्ये कारण सापडले. आपल्यात गुणसूत्रांच्या एका संचात या जनुकाची एक प्रत, हत्तीत वीस. त्याच्या पेशीला थोडी इजा झाली तरी ती पुढची चूक करण्याआधीच निघून जाते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे निवडणूक चिन्ह हत्ती होते, तेव्हा हे कुणाला माहीत नव्हते, पण निवड वाईट नव्हती.

झोपलेल्या पी-५३ ला औषधाने जागे करण्याचे प्रयत्न पंचवीस-तीस वर्षे चालू आहेत. चीनने २००३ मध्ये या जनुकाच्या एका उपचाराला मान्यता दिली. इतर बहुतेक देशांत असा उपचार अजून नित्याच्या वापरात आलेला नाही. बायोपोलिसमध्येही यावर काम झाले आहे. वर्तमानपत्रात "कर्करोगावर रामबाण" असा मथळा दिसला तर दोन वेळा वाचून मग मला दूरध्वनी करावा. मी न रागावता उत्तर देईन.

त्या भगिनींना मी सांगितले, की नाही कळवण्याआधी तीन प्रश्न विचारा. आजोबांना कोणता कर्करोग झाला, किती वयाला झाला, आणि घरात आणखी कुणाला तरुणपणी झाला काय. कमी वयातले, निरनिराळे कर्करोग एकाच कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या दिसले, तर जनुकांच्या सल्लागाराकडे जावे. तशी सोय येथील राष्ट्रीय कर्करोग केंद्रात आहे. आणि तसे निघाले तरी ती मुलीची व मुलाची समजून घेण्याची गोष्ट आहे, कुजबुजण्याची नव्हे.

आठ दिवसांनी त्यांचा दूरध्वनी आला. आजोबा सिन्नरचे. बाराव्या वर्षापासून विड्या वळत आणि ओढत आले होते, आणि एकाहत्तराव्या वर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. घरात दुसऱ्या कुणाला नाही. मी म्हटले, या माहितीवरून नातवाच्या रक्ताविषयी काहीही म्हणता येत नाही. मुलगा सिगारेट ओढतो काय, एवढे मात्र विचारून घ्या. त्या म्हणाल्या, "ते तिनेच विचारलं त्याला, पहिल्याच दिवशी."

जय भीम.